हिरवी साडी, भाजक्या शेंगा आणि बारा नंबरची गाडी

कॅनडाहून परत आल्याला महिना झाला. सांगलीत जो भेटतो तो एकच विचारतो, "नायगारा पाहिलात का?" पाहिला बाबांनो, पाहिला. पाणी वरून खाली पडतं. प्लॅस्टिकचा रेनकोट घालून बोटीत बसले, भिजले, फोटो काढले, परत आले. त्याबद्दल माझ्यापाशी यापेक्षा जास्त काही नाही. मला सांगायचंय ते चिखलाबद्दल.

चौतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे मुद्द्याला धरून बोलायची सवय आहे, असं मला वाटतं. आमच्या ह्यांना तसं वाटत नाही. पण ते गुडघ्यांचं निमित्त करून सांगलीतच राहिले होते, तेव्हा इथे त्यांच्या मताचा प्रश्नच येत नाही.

स्कारबरो, गुरुवार

माझा धाकटा भाऊ सुधाकर चव्वेचाळीस वर्षांपूर्वी इंजिनिअर म्हणून कॅनडाला गेला आणि तिकडचाच झाला. टोरांटोच्या पूर्वेला स्कारबरोत त्याचं घर आहे. एका बाजूला तमिळ कुटुंब, दुसऱ्या बाजूला फिलिपिनो, समोर जमैकाच्या आजीबाई. कोपऱ्यावरच्या दुकानात कढीपत्ता, अळू, शेवगा, नारळ सगळं मिळतं. मी सांगलीहून बॅगेत कढीपत्ता वाळवून नेला होता. भावजय मंदानं तो हसू दाबत बरणीत भरला.

पहिले आठ दिवस सुध्यानं मला रीतसर हिंडवलं. नवव्या दिवशी मी त्याच्या गॅरेजमध्ये चप्पल शोधायला गेले. तिथे विंटर टायर्सची चळत, बर्फ उपसायची फावडी आणि भिंतीवर, अगदी देवाची तसबीर टांगावी तसं, गाडीचं एक चेपलेलं दार टांगलेलं. त्यावर हातभर उंचीचा पिवळा आकडा: बारा.

"सुध्या, हे काय रे? भंगारात घालायचं सोडून भिंतीवर लावलंस?"

सुध्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. मंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "सांगा, सांगा अक्कांना! तीन वर्षं लपवलंत ते सांगा एकदा!"

ते दार नेहाच्या गाडीचं होतं. नेहा म्हणजे सुध्याची एकुलती एक मुलगी. वय तेहतीस, काम सॉफ्टवेअरचं, राहणं रिचमंड हिलच्या कॉन्डोत, बोलणं इंग्रजीत. मला वाटायचं, ही शनिवारी-रविवारी झोपा काढत असेल. तर ही बया दर शनिवारी दोन तासांवरच्या एका गावात जाऊन मातीच्या गोल मैदानात मोटारीची शर्यत लावते! तीही साध्या मोटारीची नाही. जुनी छोटी गाडी घ्यायची, आतल्या सीट आणि काचा काढून टाकायच्या, लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करायचा आणि खिडकीतून आत शिरायचं, कारण दारं कायमची बंद केलेली असतात.

"खिडकीतून?" मी विचारलं.

"खिडकीतून," सुध्या म्हणाला. त्याच्या आवाजात जो अभिमान होता तो तिच्या पदवीदानाच्या फोटोबद्दल बोलतानाही मी कधी ऐकला नव्हता.

मग खरी गोष्ट बाहेर आली. नेहाला बर्नाबीत नवी नोकरी लागली होती. बर्नाबी कॅनडातच, पण विमानानं पाच तास. बुधवारी तिचं विमान, रविवारी सकाळी गाडी दुसऱ्याच्या ताब्यात जायची. म्हणजे शनिवारची शर्यत शेवटची. आणि तीन हंगामांत नेहा एकदाही जिंकली नव्हती. दुसरी आली होती, तिसरी आली होती, एकदा कुंपणात गेली होती (भिंतीवरचं दार ते). जिंकणाऱ्याला काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा देतात आणि तो खिडकीबाहेर फडकवत एक फेरी मारू देतात.

"एकदा, फक्त एकदा तिच्या हातात तो झेंडा बघायचाय गं अक्का," सुध्या म्हणाला. "मग जाऊ दे तिला कुठे जायचं तिथे. मंदा तर येत नाही. तू चल."

"मी नाहीच येणार," मंदा म्हणाली. "मी बघितलं की काहीतरी होणार. मी घरी बसून फोनची वाट बघते. ती गाडीतून उतरली की मला कळवा, पुढचं मागचं काही सांगू नका."

शुक्रवार: तयारी

शुक्रवारी सकाळीच सुध्या गाडीची तयारी करायला त्या गावाकडे निघून गेला. त्याचा जुना मित्र डग तिथे शेती करतो, गाडी त्याच्याच कोठारात असते. इकडे मी विचार केला, भाचीची शेवटची शर्यत, रिकाम्या हातानं जायचं नाही. काय न्यावं? शर्यत म्हटली की मला आमच्या लहानपणच्या बैलगाड्यांच्या शर्यती आठवतात. माळावर दिवसभर ऊन खात बसायचं आणि धोतराच्या सोग्यातून वडील देतील त्या भाजक्या शेंगा फोडत राहायचं. शेंगांवाचून शर्यत ही कल्पनाच मला करता येत नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानात टरफलासकट शेंगा मिळाल्या. घरी आणून मिठाच्या पाण्यात भिजवल्या, वाळवल्या आणि ओव्हनचं काही कळेना म्हणून सरळ मोठ्या कढईत भाजायला घेतल्या. वीस मिनिटं सगळं छान चाललं. मग छतावरचं ते धूर ओळखणारं पांढरं यंत्र असं काही किंचाळायला लागलं की माझ्या हातून झाराच पडला. मंदा खालून बेसमेंटमधून धावत आली आणि टॉवेलनं त्याला वारा घालायला लागली. समोरच्या जमैकन आजीबाई काठी टेकत दारापर्यंत आल्या, "ऑल ओके?" म्हणाल्या आणि मूठभर शेंगा घेऊन गेल्या. परत जाताना म्हणाल्या, अजून थोड्या भाजल्या असत्या तरी चाललं असतं.

साडीही मी मुद्दाम काढून ठेवली. हिरवीगार, जरीच्या काठाची. लेकीला निरोप द्यायचा तर हिरवं हवं, हे कुणी शिकवावं लागत नाही.

शनिवार: मक्यातून

नेहा मला घ्यायला आली. साडीकडे तिनं नीट पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाली, "लुक्स सो नाइस, आत्या." मी खूश. आता कळतं की त्या उघडलेल्या तोंडाला मी तिथेच विचारायला हवं होतं.

टोरांटो मागे पडलं की मका सुरू होतो. डावीकडे मका, उजवीकडे मका, मध्येच लाल रंगाचं कोठार आणि पुन्हा मका. आपल्याकडे उसाच्या फडातून रस्ता जातो तसा, पण फडात माणूस म्हणून दिसत नाही. एका ठिकाणी थांबून नेहानं मला बटर टार्ट खाऊ घातलं. पुरणासारखं दिसणारं सारण आणि खाली खुसखुशीत पारी. चव थेट काकवीची. दोन खाल्ली. तिसरं पदराआड ठेवलं.

"नेहा, भीती नाही वाटत गं?"

"इट्स नॉट दॅट फास्ट, आत्या."

"हरायची म्हणते मी."

तिनं आरशात एकदा मागे पाहिलं. मग चक्क मराठीत म्हणाली, "बाबांसाठी वाटते." आणि रेडिओ मोठा केला.

मैदान

मैदान म्हणजे शेतांच्या मधोमध मातीचा एक लंबगोल, बाजूला लाकडी पायऱ्यांची बैठक आणि वर दिव्यांचे खांब. दुपारचे चार वाजलेले, माणूस एकही नाही, पण बैठकीवर सगळीकडे घोंगड्या आणि चादरी पसरलेल्या. मी म्हटलं, धुणं वाळत घातलंय की काय. नेहा म्हणाली, लोक सकाळीच येऊन चादर टाकून जागा धरतात आणि जेवायला घरी जातात. कुणी कुणाची चादर हलवत नाही. काही चादरी आजोबांपासून त्याच पायरीवर आहेत. हे मात्र मला एकदम पटलं. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, यांनी अख्खं घोंगडं टाकलं, एवढाच फरक. शिवाय आपला रुमाल जागेवर राहीलच असं नाही.

आत शिरताना एका कागदावर सही करावी लागली. वाचला. मेलात तर आमचा काही संबंध नाही, असं चार परिच्छेदांत लिहिलं होतं. मी सही केली आणि खाली सवयीनं तारीख घातली.

गाड्या उभ्या असतात त्या आवाराला पिट म्हणतात. मी त्याला गोठा म्हणते. ओळीनं गाड्या बांधल्यासारख्या उभ्या, प्रत्येकीभोवती बाप, मुलगी, काका, आजोबा, कुणी चाक काढतंय, कुणी पोटाखाली निजलंय. बारा नंबरची निळी गाडी सापडली. तिच्याखालून दोन पाय बाहेर आले, मग पोट, मग पांढऱ्या मिशा. हा डग. सुध्या या देशात नवा होता तेव्हा एकाच कारखान्यात होते दोघं. सुध्या ऑफिसात, डग मशीनवर. पहिल्या उन्हाळ्यात डगनं विचारलं, शनिवारी एकटा काय करतोस? आणि याला गाडीत घालून इथे आणलं. सुध्या मला म्हणाला, "अक्का, त्या दिवशी धुरळा उडाला, लोक ओरडायला लागले आणि मला आपला माळ दिसला. मी रडलो होतो गं. डगला वाटलं डोळ्यांत माती गेली."

डगनं हात पुसून माझ्याशी हस्तांदोलन केलं. त्याची नजर साडीवर गेली. मिशा जरा हलल्या. आणि मी, अन्नपूर्णेच्या थाटात, पिशवीतून डबा काढला, गाडीच्या बॉनेटवर ठेवला, झाकण उघडलं आणि म्हणाले, "घ्या हो सगळे, भाजक्या शेंगा!"

डग दोन पावलं मागे सरकला. शेजारच्या गाडीवर काम करणारी एक धिप्पाड बाई हातातला पाना तसाच धरून बघत राहिली. तिच्या पलीकडचा माणूस चक्क टोपी काढून उभा राहिला.

"अक्का!" सुध्या कुजबुजला. "शेंगा? इथे?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. या लोकांत म्हणे दोन गोष्टी फार अशुभ. एक हिरवा रंग. दुसरी, टरफलासकट भुईमुगाची शेंग. एकवेळ ब्रेक नसलेली गाडी चालेल, पण शेंग पिटमध्ये यायची नाही. आणि मी हिरवीगार साडी नेसून, किलोभर शेंगा घेऊन, थेट गाडीच्या डोक्यावर डबा ठेवून उभी! आणखी काही राहिलं होतं का, ते मला अजून कळलेलं नाही.

डग माणूस सभ्य. त्यानं डब्याला हातही न लावता मला फार अदबीनं सांगितलं, मॅडम, हे फाटकाबाहेर ठेवून येऊ या का? मग आमची वरात फाटकाबाहेर, नेहाच्या रोजच्या गाडीकडे निघाली. पुढे डबा घेतलेली मी, मागे किल्ली घेतलेली नेहा आणि बाजूला, चार हात अंतर ठेवून, डग.

"कारण काय पण?" मी विचारलं. इंग्रजी माझं व्याकरणशुद्ध आहे, फक्त हळू चालतं.

"कारण ठाऊक नाही," डग म्हणाला. "फार जुन्या काळी कुठे कुठे अपघात झाले, त्या गाड्यांत टरफलं सापडली म्हणतात. माझ्या बापानं मला सांगितलं, त्याच्या बापानं त्याला. या पिटमध्ये मी उभ्या जन्मात शेंग खाल्लेली नाही."

"म्हणजे सिद्धता नाही आणि प्रमेय मात्र तोंडपाठ!" मी म्हटलं. पण दुसऱ्या क्षणी आठवलं की शर्यतीच्या दिवशी "कुठे निघालात?" असं एका पाहुण्यानं विचारलं म्हणून आमच्या वडिलांनी त्याला दोन महिने घरात घेतलं नव्हतं.

परत येताना डगनं, बहुतेक माझा चेहरा बघून, या मातीची हकीकत सांगितली. पूर्वी गावोगावच्या जत्रांमध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी असे गोल असत. मोठं युद्ध संपलं, शेतकऱ्यांची पोरं घरी आली, भंगारात जुन्या गाड्या मातीमोलानं मिळत होत्या आणि हातात हत्यारं होती. घोडे गेले, गाड्या आल्या. काही मैदानांवर पुढे डांबर पडलं. इथल्या लोकांनी माती ठेवली. "डांबर रोज तेच असतं," डग म्हणाला. "माती तासातासाला बदलते. जिला माती वाचता येते ती जिंकते." सहा महिने बर्फ असतं तेव्हा हे लोक कोठारात वेल्डिंग करत बसतात आणि उन्हाळ्यात आठवडाभर शनिवारची वाट बघतात. तालुक्यातलं पोरन् पोर येतं. डॉक्टर येतो, दूधवाला येतो, पाद्री येतो आणि रविवारच्या प्रवचनात हरलेल्यांचं सांत्वन करतो.

आणि मी खरंच बघितलं, मातीची काय सेवा! पाण्याचा टँकर गोल फिरून शिंपडतो. मग सगळ्या गाड्या हळूहळू चकरा मारून तो ओला चिखल चाकांनी चोपतात. अहो, हे तर आपलं खळं! मळणीआधी बैल फिरवून जमीन घट्ट करायचो, तेच. फक्त प्रदक्षिणा उलटी, कायम डावीकडे. उलट्या प्रदक्षिणेनं पुण्य लागतं का, हे विचारायची ती वेळ नव्हती.

नापास

पहिल्या फेऱ्या लहान असतात. गट पाडतात, गटात वर आलेले मुख्य शर्यतीत जातात. नेहाचा गट तिसरा. मी आणि सुध्या कुंपणाला धरून उभे. हिरवा झेंडा पडला (तो कसा चालतो हिरवा, हा मुद्दा मी मनात नोंदवून ठेवला) आणि असा आवाज झाला की माझ्या बांगड्या आपोआप वाजल्या. मातीवर गाडी सरळ वळत नाही. तोंड आत, शेपूट बाहेर, तिरकी घसरत जाते, जशी हट्टी म्हैस दावणीला न्यावी. वळणावर चिखलाचा फवारा आला आणि माझा चष्मा बंद झाला.

मी चष्मा पुसून डोळ्याला लावला तेवढ्यात पुढची पांढरी गाडी स्वतःभोवती गिरकी घेऊन आडवी झाली आणि आमची बारा नंबर तिच्यावर जाऊन आदळली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. नेहानं खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, मी ठीक आहे म्हणून. पण गाडी ट्रकनं ओढत पिटमध्ये आणली तेव्हा पुढचं उजवं चाक लंगड्या माणसाच्या पायासारखं आत वळलं होतं. पिवळा आकडा चिखलाखाली गेला होता.

धिप्पाड बाईनं एकदा साडीकडे पाहिलं आणि नजर वळवली. टोपीवाल्यानं मान हलवली. डगनं माझ्याकडे पाहिलंच नाही आणि तेच मला जास्त लागलं. आयुष्यभर पोरींना सांगत आले की दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. पण सुध्या त्या वाकड्या चाकाशी उकिडवा बसला होता आणि त्याची पाठ मला दिसत होती. खरं सांगते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सुध्या, मी जाते. गाडीत बसते," मी म्हटलं.

"अक्का, वेडी आहेस का," तो म्हणाला, पण वर न बघता.

नेहानं हेल्मेट काढलं. माझ्याकडे बघितलं, मग सगळ्यांकडे. "नोबडी इज गोइंग एनिव्हेअर," ती म्हणाली. "देअर्स स्टिल द कन्सोलेशन."

कन्सोलेशन म्हणजे काय ते सुध्यानं मला एका वाक्यात समजावलं: नापासांची ऑक्टोबरची परीक्षा. गटात मागे पडलेल्यांची वेगळी शर्यत. तीही शर्यतच, तिलाही चौकटीचा झेंडा, आणि जिंकणाऱ्याला मुख्य शर्यतीत सगळ्यांच्या मागे जागा. ऑक्टोबरवाल्यांना मी जन्मभर शिकवलंय. मी कंबर कसली.

उलथनं

पाऊण तास होता. डग आणि सुध्या चाकाला भिडले. डगला हातोडा दे म्हणून सांगावं लागत नसे, सुध्याला पाना मागावा लागत नसे, चाळीस वर्षांचा संसार तो. धिप्पाड बाई स्वतःच्या सामानातून एक लोखंडी दांडी घेऊन आली आणि देऊन गेली. तिची गाडी त्याच कन्सोलेशनमध्ये होती, बरं का. आपल्या शर्यतीत प्रतिस्पर्ध्याला कुणी आपलं जू काढून दिल्याचं मी तरी पाहिलं नाही. मग तीच बाई परत आली आणि तिनं माझ्या हातात एक करडा डगला ठेवला, मेकॅनिक घालतात तसा अंगभर, वरपासून खालपर्यंत चेनचा. मी काष्टा मारल्यासारखी साडी आत कोंबली आणि चेन ओढली. हिरवं नाहीसं झालं. आरशात बघायची सोय नव्हती ते बरंच.

"आता मला काम द्या," मी डगला म्हटलं.

काम होतं चिखलाचं. ओली माती चाकांच्या आत, बोटभर जाड, पत्र्याला घट्ट चिकटते. एकेका चाकाआड बादलीभर. ते ओझं घेऊन पळालं तर हरणारच, म्हणून प्रत्येक फेरीनंतर पत्र्याच्या पट्टीनं खरवडून काढायची. पट्टी हातात घेतली आणि मला हसू आलं. हे तर उलथनं! करपलेल्या पिठल्याच्या कढया पन्नास वर्षं खरवडलेला हात माझा. मी खाली बसले आणि सुरू झाले. कडेनं सोडवायचं, मग एका झटक्यात पापुद्रा ओढायचा. मोठमोठे तवे निघायला लागले. डग हातोडा थांबवून बघत राहिला.

"चाळीस वर्षांत अशी खरवड पाहिली नाही," तो म्हणाला. अपघातानंतर तो माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

नेहा पाण्याची बाटली आणायला फाटकाबाहेर तिच्या रोजच्या गाडीकडे गेली. एका बाटलीला तिला बराच वेळ लागला. आली आणि खिडकीतून आत शिरली. सुध्यानं तिचे पट्टे आवळले. मग तो तेच पट्टे पुन्हापुन्हा ओढत राहिला.

"बाबा, आय कान्ट ब्रीद," नेहा म्हणाली.

फेरपरीक्षा

सूर्य मक्यात बुडाला, खांबांवरचे दिवे लागले. नेहा शेवटून दुसरी. दहा फेऱ्या. पहिल्या तीन फेऱ्यांत तिनं काहीच केलं नाही. सगळ्या गाड्या बाहेरच्या कडेनं, ओल्या दिसणाऱ्या चकाकत्या मातीवरून पळत होत्या. ही एकटीच आतल्या कडेला चिकटून.

"का रे ही आत घुसते?" मी सुध्याचा दंड धरला.

"माती वाचतेय," तो म्हणाला. "बाहेरचं वाळत चाललंय. आत अजून ओल आहे."

चौथ्या फेरीला एक गाडी मागे पडली. पाचवीला दोन. मी मोठ्यानं आकडे म्हणायला लागले, शाळेत पाढे म्हणून घ्यायची तशी. पाच! सहा! मागच्या पायरीवरची चादरवाली मंडळी काही न कळता माझ्यामागून मराठीत "सहा!" ओरडायला लागली. सातवीला ती तिसरी. आठवीला पुढे फक्त धिप्पाड बाईची लाल गाडी. नववीला लाल गाडीच्या शेपटाला निळं तोंड. शेवटच्या वळणावर लाल गाडी जरा बाहेर घसरली, वीतभर, जास्त नाही, आणि आतल्या वीतभर ओलीतून बारा नंबर सुळकन बाहेर आली.

"दहा!"

सुध्या ओरडला नाही. कुंपणाला कपाळ टेकून तो हमसून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर माझ्याही डोळ्यांना धार. डग आमच्याकडे बघून म्हणाला, "माती गेली असेल डोळ्यांत." आणि स्वतःचे डोळे बाहीनं पुसले.

नेहानं झेंडा घेतला, खिडकीबाहेर काढला आणि एक फेरी मारली. अगदी सावकाश, वरातीसारखी. सगळी बैठक उभी राहिली होती. मग ती पिटमध्ये आली, खिडकीतून बाहेर आली आणि थेट बापाच्या गळ्यात पडली. सुध्यानं एका हातानं मंदाला फोन लावला. पलीकडून एकच प्रश्न आला, "उतरली का?"

"उतरली," सुध्या म्हणाला, "आणि मंदा..." मग नेहानंच फोन घेतला आणि म्हणाली, "आई, जिंकले." मराठीत म्हणाली.

फोन ठेवून तिनं छातीवरची चेन खाली ओढली, आत हात घातला आणि मूठ माझ्यापुढे उघडली. तळव्यावर भाजक्या भुईमुगाची एक शेंग. टरफलासकट. घामानं ओली.

"सगळे तुझ्याकडे बघत होते, आत्या," ती म्हणाली. "आय डिडन्ट लाइक इट. सो आय टुक वन विथ मी."

धिप्पाड बाई, नुकतीच हरलेली, कमरेवर हात ठेवून शेंगेकडे बघत होती आणि सगळे डगकडे. डगच्या मिशा थरथरल्या. त्यानं ती शेंग नेहाच्या हातावरून दोन बोटांत उचलली, दिव्याकडे धरून पाहिली. बापाचा बाप, बाप आणि तो, तीन पिढ्या त्या शेंगेकडे बघत असाव्यात. मग त्यानं ती फोडली. टरफलं कुठे टाकावीत ते त्याला कळेना, म्हणून मी माझ्या डगल्याचा खिसा पुढे केला.

मुख्य शर्यतीत नेहा अकरावी आली. ते आमच्यापैकी कुणी धड बघितलंही नाही. उरलेला डबा फाटकाबाहेर, नेहाच्या गाडीपाशी संपला. शेवटच्या मूठभर शेंगा धिप्पाड बाई घेऊन गेली, पुढच्या हंगामासाठी, म्हणाली. रविवारी बारा नंबर गेली, बुधवारी नेहा गेली, त्यानंतर आठवड्यानं मी निघाले. विमानतळावर सुध्या म्हणाला, आता शनिवारी डगकडे जाऊन बसतो, काहीतरी वेल्ड करतो. मंदा म्हणाली, मीही जाईन म्हणते एखाद्या वेळी. आता भीती वाटायला कोण आहे तिथे.

त्या रात्रीचा पिटमधला फोटो धिप्पाड बाईनं काढला होता. सांगलीला आल्या आल्या मी तो मोठा करून घेतला आणि शोकेसवर ठेवला. भिंतीवरचा नायगाऱ्याचा फोटो आमच्या ह्यांनी काढून तिथे कॅलेंडर लावलं. चिखलानं माखलेली गाडी, झेंडा धरलेली नेहा, रडून लाल झालेला सुध्या आणि करड्या डगल्यात, गळ्याशी हिरवा काठ डोकावणारी मी. सगळे तोंडभर हसतोय. एकटा डग तेवढा तोंड घट्ट मिटून, गंभीर चेहऱ्यानं उभा आहे. येणारे जाणारे विचारतात, हे आजोबा रागावलेत का? मी म्हणते, नाही हो. त्यांच्या तोंडात शेंगदाणा आहे.